दहा वाजून वीस मिनिटांची नोंद

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ माननीय कल्याणरावजी, मला 'पाचच मिनिटं बोला' असं बजावून स्वतः पस्तीस मिनिटं घेणाऱ्या, आणि तरीही एक वाक्य वाया न घालवणाऱ्या प्राचार्या जान्हवी मॅडम, जालन्याहून मुद्दाम वाट वाकडी करून आलेले वनखात्यातले माझे जुने सहकारी, प्राध्यापक मंडळी, खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे राहिलेले माझे आजी-माजी विद्यार्थी, ज्यांचा आज इथे सन्मान झाला ते पालक, आणि शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ बसलेले एक गृहस्थ, ज्यांचं नाव मी सावकाशीनं घेणार आहे. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

गळ्यातला हार मी काढून ठेवतोय, त्याचा कुणी वेगळा अर्थ घेऊ नये. झेंडूच्या हारात मुंग्या असतात आणि भाषण करताना माणसाला खाजवता येत नाही. शालही घडी घालून ठेवतो. बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि या सभागृहातले तीन पंखे कोणाच्या डोक्यावर फिरतात ते मला सात वर्षांत कळलेलं नाही.

प्रास्ताविक करताना आपल्या करणनं मला 'वनमहर्षी' म्हटलं. करण माझ्या दुसऱ्या तुकडीचा विद्यार्थी. आज यावल भागात वनरक्षक आहे, रजा काढून आलाय. अरे बाबा करण, मी वनपाल म्हणून निवृत्त झालेला साधा माणूस. छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली अर्धी कागद लिहिण्यात गेली आणि अर्धी चालण्यात. महर्षींना तपश्चर्येचं काहीतरी फळ मिळतं. मला गुडघेदुखी मिळाली. तेव्हा ते विशेषण मी नम्रपणे परत करतो.

सात वर्षांपूर्वी मे महिन्यात मी निवृत्त झालो, आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आधी माझी पत्नी विमल गेली. आमचा मुलगा ऋषी पुण्याला नोकरीत. भोकरदनच्या दोन खोल्यांत मी एकटा. सकाळी उठायचं, चहा करायचा, सवयीनं दोन कपांत ओतायचा, मग एक कप परत पातेल्यात ओतायचा. मला वाटायचं, आपण जंगलात एकटे राहिलेले लोक, आपल्याला याची सवय आहे. बिलकुल नव्हती. जंगलात एकटं असलं की घरी जायचं असतं. घरातच एकटं असलं तर जायचं कुठं? म्हणून एक दिवस मॅडमकडे आलो आणि म्हटलं, मला काहीतरी काम द्या, पगार नको.

मॅडम म्हणाल्या, 'तुम्हाला येतं काय?' म्हटलं, 'पंचनामा लिहिता येतो आणि चालता येतं.' त्यांनी प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली झाडून दिली आणि पाटी लावली, 'वनरक्षक प्रशिक्षण वर्ग'. पहिल्या दिवशी नऊ मुलं आली. त्यातली चार वाट चुकून आली होती, त्यांना टायपिंगच्या वर्गाला जायचं होतं. ती पण बसली बिचारी! आज एकतीस जण खाकी घालून महाराष्ट्रभर उभे आहेत. त्याचं श्रेय मघापासून माझ्या पदरात टाकलं जातंय. ते सगळं घेऊन मी उद्या ऋषीकडे पुण्याला राहायला गेलो, तर ती चोरी होईल.

गुन्हेगार कसा पकडायचा हे फळ्यावर शिकवता येत नाही. आरोपी लागतो. विद्यार्थी आरोपी झाला की बाकीचे फिदीफिदी हसतात. म्हणून आपले शिपाई रामेश्वर... रामेश्वर, उभा राहा, लाजतो कशाला? त्याला गोणीत भुसा भरून दिला आणि म्हटलं, हे काळवीट समज आणि मैदानामागून पळ. पोरांनी त्याला असा धरला की सदरा उभा फाटला. शिट्ट्या ऐकून पलीकडच्या गल्लीतली माणसं काठ्या घेऊन धावली, त्यांना वाटलं खरंच चोर घावला. हा ओरडून राह्यला, 'अरे, मी शिपाई हाय, मी शिपाई हाय!' आणि आमचा एक हुशार गडी शांतपणे पंचनाम्यात लिहितोय, 'आरोपी स्वतःला शिपाई म्हणवून घेत होता.' रामेश्वर, तुझा तो सदरा मी शिवून दिला होता की नाही? दिला ना? मग मानेनं तरी सांग, लोकांना वाटेल मी फुकट काम करून घेतलं.

बाकी शिकवायचं ते शिकवलं. वनकायदा, वन्यजीव कायदा, जबाब कसा घ्यायचा, हात न उगारता माणूस कसा थांबवायचा, जप्तीची नोंद कशी करायची. मुलींना चार तासांत सोळा किलोमीटर आणि मुलांना पंचवीस किलोमीटर चालावं लागतं भरतीत. धावड्याच्या रस्त्यानं मी त्यांना चालवत न्यायचो आणि मागून मोटारसायकलवर यायचो. 'सर, तुम्ही चालत काहून येत न्हाई?' असं पोरं विचारायची. मी म्हणायचो, मी पास झालोय बाबांनो.

पण एक पेपर माझा स्वतःचा होता. कुठल्याच भरतीत तो नाही. एकट्यानं बसायचा पेपर.

सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत डोंगरातल्या एका ठरलेल्या जागी एकट्यानं बसायचं. मोबाइल माझ्याकडे जमा. जवळ पाण्याची बाटली, भाकर, घड्याळ आणि एक वही. जे दिसेल ते वेळ घालून लिहायचं. दिसेल तेवढंच. आपल्याला काय वाटलं, ते लिहायचं नाही. जागा चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. कशाला असा जाच, असं मला प्राध्यापक मंडळींनी विचारलं होतं. कारण साधं आहे हो. वनरक्षकाच्या नोकरीत वाघ क्वचित भेटतो, एकटेपण रोज भेटतं. माझ्या पहिल्या नेमणुकीत मी चौकीतल्या घागरीशी बोलायला लागलो होतो. 'काय, भरलीस का?' असं विचारायचो. बावीस वर्षांचा होतो. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. माझ्या पोरांना तरी आधी कळावं, एवढीच इच्छा होती.

आणि मी त्यांना एक वचन द्यायचो. ही वही फक्त मी वाचीन. दुसऱ्या कुणाच्या हातात ती जाणार नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण असं सांगितल्याशिवाय कुणी खरं लिहीत नाही.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे पाहिलंत. पाच मिनिटं कधीच झाली. आणखी थोडी घेतो. सात वर्षांत रजासुद्धा घेतली नाही, तेव्हा एवढी सवलत द्या.

चार वर्षांपूर्वीच्या तुकडीत सत्यशीला नावाची मुलगी होती. धावड्याच्या अलीकडे डोंगराला लागून धनगरांची वाडी आहे, तिथली. घरात मेंढरं, वडील म्हस्कू, आई गोपिकाबाई, धाकटी बहीण छकुली. सत्यशीला वर्गात फार बोलायची नाही. पण चालायला लागली की मुलं मागं पडायची. लहानपणापासून मेंढरांमागं चाललेली, तिला सोळा किलोमीटरचं काय कौतुक? 'बापू रोज इतकं चालतेत सर,' असं म्हणायची, 'त्यांची भरती कुनी घेत न्हाई.'

तिला जी चिठ्ठी आली ती जागा नेमकी तिच्या वाडीच्या वरच्या अंगाची. खाली वनखात्याचं नवं रोपवन, तारेचं कुंपण, चराई बंद. ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, 'सर, मला दुसरी चिठ्ठी द्या ना.' मी विचारलं नाही का म्हणून. मी मास्तर झालो होतो ना! म्हटलं, 'जंगलात चिठ्ठी बदलून मिळत नाही.' वाक्य फार छान वाटलं मला माझं. ती गेली.

संध्याकाळी वही आली. त्यातली एक नोंद मला पाठ आहे. 'दहा वाजून वीस मिनिटे. रोपवनाच्या पूर्वेकडील तारेजवळ मेंढपाळ एक. तार वाकवून मेंढ्या आत सोडल्या. मेंढ्या अंदाजे चाळीस, त्यांत कोकरे सहा. मेंढपाळाचे वय अंदाजे पन्नास. ओळखीचा. नाव म्हस्कू. नाते, वडील.' पुढं लिहिलंय, 'दहा चाळीस. मेंढ्या चरत आहेत. अकरा. मेंढ्या चरत आहेत. बारा दहा. मेंढ्या बाहेर गेल्या.' आणि त्याखाली, 'भाकर खाल्ली नाही.'

मी ती वही वाचली आणि मला रडू आलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका खरा कागद माझ्या हातून झाला नव्हता. आणि रडू आलं, तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. वही तिला परत द्यायची, डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, पोरी, घरी जा आणि बापूशी बोल. एवढंच करायचं होतं.

मी काय केलं? आठ दिवसांनी याच सभागृहात, याच माइकवरून, वर्गाचा बक्षीस समारंभ होता. वनखात्याचे तेव्हाचे अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. माझा वर्ग किती थोर आहे हे मला त्यांना दाखवायचं होतं. मी वही काढली आणि ती नोंद वाचली. नावासकट वाचली. सत्यशीला तिथं, त्या खांबापाशी बसली होती. ती अर्धवट उठली आणि म्हणाली, 'सर, नका ना.' मी म्हणालो, 'बस खाली. ऐकू दे लोकांना.' आणि शेवटचे दोन शब्द थांबून, आवाज लावून वाचले. टाळ्या पडल्या. आज इथं बसलेल्या काहींनीही त्या वाजवल्या असतील. तुमचा काही दोष नाही. मी वाचलंच तसं होतं.

साहेबांचाही दोष नाही. भर सभेत कानावर आलेला गुन्हा अधिकाऱ्याला ऐकला नाही असं करता येत नाही, हे मीच शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी माणसं वाडीवर गेली. नियमाप्रमाणे मेंढरं नेली, जबाब झाला, दंड झाला, मेंढरं परत आली. कागद पूर्ण. पण आठ दिवसांत पंचक्रोशीत झालं, 'पोरीनं बापाला धरून देलं.' चौकातल्या हॉटेलात माझ्यासमोर एक जण म्हणाला, 'नोकरीसाठी बापाचं नाव लिहून देलं सायबाला. आपलेच दात अन् आपलेच ओठ, बोलायचं कुनाला?' मी चहा संपवला आणि उठून आलो. 'तिनं नाही दिलं, मी वाचलं' एवढे पाच शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. वनात गुन्हेगाराला सामोरं जायला शिकवणारा माणूस मी!

त्या वर्षी तिची भरती झाली. मेळघाटात नेमणूक मिळाली. बसस्टँडवर मी सोडायला गेलो होतो. आई आणि छकुली होत्या. ती सारखी रस्त्याकडं बघून राह्यली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा चढली. खिडकीतून म्हणाली, 'बापू येतील असं वाटलं होतं सर.' मी तिला म्हणालो, 'मी जाऊन खरं काय ते सांगतो त्यांना.' त्यावर ती म्हणाली, 'नका सांगू. वाचलं तुमी, पन लिवलं तर मीच ना.' आणि मी हो म्हणालो! तिनं मला मोकळं केलं आणि मी लगेच मोकळा झालो. तिची ती दानत होती, आणि माझी ती सोय होती.

त्यानंतर म्हस्कूभाऊंनी सगळी मेंढरं विकली. आता एका मोसंबीच्या बागेत रखवालदार आहेत, असं ऐकून होतो. ऐकूनच. कारण चार वर्षांत मी त्या वाडीच्या रस्त्याला गेलो नाही. पोरं चालायला न्यायचो, तेव्हा फाट्यावरून मोटारसायकल वळवायचो.

आता जे सांगणार आहे ते ऋषीलाही सांगितलेलं नाही. तो पुढच्या रांगेत बसलाय, त्याला वाईट वाटेल, पण ऐकू दे.

सत्यशीला मेळघाटात एका संरक्षण कुटीत, म्हणजे जंगलातल्या चौकीत, राहते. आत मोबाइलला रेंज नाही. रविवारी बाजाराच्या गावाला येते तेव्हा फोन लागतो. दर रविवारी ती मला फोन करते. चार वर्षं, न चुकता. काय शिजवलं, कोणतं जनावर दिसलं, गस्तीला किती चालली, कुणाशी भांडण झालं, सगळं सांगते. एकदा म्हणाली, 'सर, मी बी घागरीशी बोलाया लागले.' आणि हसली. मग शेवटी विचारते, 'बापू कसे हायेत? आईला विचारलं की बरे हायेत म्हनती, अन् त्यांची चाहूल लागली की फोन ठिवून देती. तुमी खरं सांगा.' आणि मी सांगतो, 'परवाच भेटलो. मजेत हायेत. तुझी आठवण काढत होते.'

चार वर्षं मी त्या पोरीला खोटं सांगतोय. का? भीतीनं? हो, भीती होती. पण भीती चार वर्षं टिकत नाही हो. खरं कारण असं, की रविवारी सहा वाजता माझा फोन वाजतो. आठवडाभर माझ्या घरात दुसरा आवाज नसतो. शनिवारपासून मी फोन चार्जिंगला लावून ठेवतो. रविवारी दुपारी कुठं जात नाही, कुणी बोलावलं तर तब्येतीचं कारण सांगतो. बाप-लेकीचं बोलणं सुरू झालं, तर तो फोन मला कशाला येईल? एवढा साधा हिशेब. जो फोन बापाला जायला पाहिजे होता तो मी माझ्याकडं ठेवून घेतला, कारण मला करमत नव्हतं. मला लाज वाटते हे सांगायला. पण एकटेपणाची परीक्षा घेणारा मी, माझी वही कुणी तपासली असती तर पहिल्याच पानावर नापास झालो असतो.

मघाशी पालकांचा सन्मान झाला. नावं पुकारली, एकेक जण आला, नारळ-शाल घेतली. एक नाव तीनदा पुकारलं गेलं. 'सत्यशीलाचे वडील.' कुणी उठलं नाही. निवेदकांना वाटलं, आले नसतील. ते आलेत. शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ, मांडीवर फेटा ठेवून बसलेत. शेजारी छकुली आहे. म्हस्कूभाऊ, तुम्ही येणार हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर कदाचित मी कालच आजारी पडलो असतो. तुम्हाला बघितलं आणि खिशातलं लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलं.

म्हस्कूभाऊ, या सगळ्या लोकांसमोर सांगतो, कारण झालं तेही सगळ्यांसमोरच झालं होतं. तुमच्या पोरीनं तुम्हाला धरून दिलं नाही. तिनं वही मला दिली होती, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. ती मी वाचली. ती उठून नको म्हणाली होती, मी तिला खाली बसवलं. चार वर्षं गाव तिला नावं ठेवतंय, आणि मी ऐकून घेतोय. तुम्हाला राग धरायचा असेल तर तो माझ्यावर धरा. तिच्याशी बोला. ती तिकडं फार एकटी आहे.

...

थांबा, ते उठलेत. जाऊ नका, म्हस्कूभाऊ. जात नाहीत? काही म्हणतायत. रामेश्वर, दुसरा माइक ने तिकडं. नको म्हणतायत. बरं, तुम्ही तिथूनच बोला. सगळ्यांना नीट ऐकू येणार नाही, मी इथून माइकवर सांगतो. हं.

ते म्हणतायत, 'साहेब, मला ठावं व्हतं तुमीच वाचलं ते. त्याच दिशी कळलं व्हतं.'

मग... मग चार वर्षं बोलला का नाहीत तिच्याशी?

सावकाश बोला, घाई नाही. छकुली, पाणी दे त्यांना.

ते म्हणतायत... मी त्यांच्याच शब्दांत सांगतो. 'आदल्या सांजच्याला पोरीनं घरी सांगितलं व्हतं, बापू, उद्या मह्या परीक्षेची जागा वाडीच्या वर हाय, तेवढं मेंढरं तिकडं आनू नका. म्या म्हनलो, तू बिनघोर बस, म्या नाल्याच्या पल्याड जातो. सकाळी गेल्तो बी. पर नाल्यात काडी न्हवती. कोकरं वरडून राह्यली व्हती. म्या म्हनलो, पोरगी वर टेकाडावर आसंल, तिला काय दिसतंय. तार वाकिवली. वर बघितलं त झाडाखाली ती उभी. तिनं मला बघितलं, म्या तिला बघितलं. तिनं हाक मारली न्हाई. म्या बी मेंढरं माघारी फिरवली न्हाईत. दोन घंटे चारली तिच्या डोळ्यादेखत. ती तिथं भाकर बांधून बसली व्हती खरं लिवायला, अन् बापानंच शबूद मोडला. तिचा राग कशाचा साहेब? मह्यापाशी तोंडच न्हाई तिला दाखवायला. बसस्टँडवर आल्तो म्या. पानपट्टीच्या मागं हुबा व्हतो. बस गेली अन् मंग बाहीर आलो.'

आणि ते म्हणतायत, 'वाचलं कुनी का आसंना. केलं त म्याच.'

मला जरा पाणी द्या.

अध्यक्ष महोदय, खिशातलं भाषण बाहेर काढलं तरी मला यापुढं बोलता यायचं नाही. हीच गोष्ट तिनं मला बसच्या खिडकीतून सांगितली होती, की लिहिलं तर मीच. बाप-लेक दोघं चार वर्षं आपापली चूक उशाला घेऊन एकेकटे बसलेत, एक मेळघाटात, एक मोसंबीच्या बागेत. मी मधे होतो. मला फक्त इकडचं तिकडं सांगायचं होतं. तेवढंही केलं नाही.

म्हस्कूभाऊ, ती दर रविवारी मला विचारते, बापू कसे हायेत. आज रविवार आहे. पाच वाजायला आले, ती आता बाजारात असेल. फोन मला सहाला येतो. आज तो येण्याआधी तुम्ही लावा. छकुलीकडं नंबर आहे. काय बोलू म्हणता? काही जुळवून आणू नका. जे झालं ते वेळ घालून सांगा. तिला तसंच आवडतं.

आता माझं आवरतो. संस्थेनं मला खोली दिली, मॅडमनी मोकळीक दिली, खात्यातल्या मित्रांनी जुनी पुस्तकं दिली, रामेश्वरनं सदरा दिला, आणि एकतीस मुलांनी मला सात वर्षं घराबाहेर ठेवलं. या सगळ्यांचे आभार मनापासून मानतो. ऋषी, सामान बांधलंय, उद्या सकाळी निघू. पुण्याला रविवारी संध्याकाळी तू घरी असशील तर बरं होईल, जरा बसू बोलत.

मोठी चूक सांगून झाली, ती पोटात घाला असं मी म्हणत नाही, ती ज्यांना भोवली त्यांच्यापाशी ठेवली. बाकी बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, पाच मिनिटांची चाळीस झाली असतील, तेवढं म्हाताऱ्याला माफ करा.

टाळ्या नकोत. अरे, नका वाजवू, हात जोडतो. रामेश्वर, माइक बंद कर. तिकडं रिंग वाजून राह्यली, त्यांना ऐकू येऊ दे.